जानकी जे विचारत नाही

समुपदेशकाचं काम पडद्यावर दाखवणं अवघड असतं. दोन खुर्च्या, पाऊण तासाचं बोलणं, मधूनमधून शांतता. बाहेरून बघणाऱ्याला त्यात काहीच घडताना दिसत नाही. म्हणून आपल्या नाटक-सिनेमांतला मानसोपचारतज्ज्ञ बहुधा शेवटाकडे अवतरतो, सगळा गुंता चार वाक्यांत उलगडून सांगतो आणि निघून जातो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’मध्ये असा तज्ज्ञ मध्यभागी नाही. तरीही, मनाने कोसळलेल्या माणसाजवळ कसं बसावं, किती बोलावं, कुठे थांबावं, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा मराठी चित्रपट मला आठवत नाही. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात ‘समुपदेशन कक्ष’ अशा पाट्या आता रुग्णालयांत आणि महाविद्यालयांत दिसू लागल्या आहेत. त्या पाटीमागच्या खोलीत काय चालतं आणि का चालतं, हे समजून घ्यायचं असेल तर ‘कासव’ सावकाश, पुन्हा पुन्हा पाहावा.

चित्रपट २०१६ सालचा. चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा हा पाचवा मराठी चित्रपट. इरावती हर्षे (जानकी), आलोक राजवाडे (मानव), डॉ. मोहन आगाशे (दत्ताभाऊ), किशोर कदम (यदू) आणि छोटा ओंकार घाडी (परशू) ही त्यातली मुख्य माणसं. छायाचित्रण धनंजय कुलकर्णी यांचं, संगीत साकेत कानेटकर यांचं. सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी शिकवलं आणि १९८५ मध्ये ‘बाई’ या लघुपटापासून त्या चित्रपटाकडे वळल्या. हे आधीच सांगायचं कारण असं की ‘कासव’मधला जिव्हाळा नुसता भावनेतून आलेला नाही. माणसाला तो जिथे आहे तिथे जाऊन भेटायचं, त्याला आपल्या जागी ओढून आणायचं नाही, ही समाजकार्यातली जुनी शिकवण आहे आणि ती या कथेच्या हाडामासात आहे.

कथा थोडक्यात अशी. मानव हा तरुण आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला. रुग्णालयातून तो निघून जातो आणि भटकत, आजारी पडत कोकणकिनाऱ्याकडे येतो. जानकी अमेरिकेतला मोडलेला संसार मागे टाकून परतलेली. ती स्वतः नैराश्यातून गेली आहे, तिने उपचार घेतले आहेत. दत्ताभाऊंच्या कासव संवर्धनाच्या कामाला हातभार लावायला ती किनाऱ्यावरच्या गावात येऊन राहते. आजारी, अनोळखी मानव तिला भेटतो आणि ती त्याला आपल्या घरी आणते. पुढे चित्रपटभर घडतं ते एवढंच: तो त्या घरात राहतो, बरा होऊ लागतो. पाठलाग नाही, रहस्य नाही, प्रेमप्रकरण नाही.

या साध्या कथेतली सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणजे जानकी त्याला काही विचारत नाही. तू कोण, कुठला, घरी कोण असतं, हे असं का केलंस, यातला एकही प्रश्न ती पुढे करत नाही. आपल्याकडे पाहुणा ओसरीवर टेकायच्या आत ‘कुठचे तुम्ही? कोणापैकी?’ हे विचारून होतं. कोकणात तर ते अगत्याचंच लक्षण. नाव, गाव, आडनाव, मूळ घर कळलं की माणूस आपल्या नकाशात बसला आणि आता बोलायला हरकत नाही, अशी आपली रीत. जानकी हा नकाशा बाजूला ठेवते. अन्न देते, औषध देते, निजायला जागा देते. तो तुसडेपणाने वागतो, पाठ फिरवून पडून राहतो, तरी तिच्या देण्यात उणं पडत नाही. प्रेक्षक म्हणून आपण अस्वस्थ होतो. आपल्याला त्याचा भूतकाळ हवा असतो. कारण कळलं की सुटलो, असं आपल्याला वाटत असतं. दिग्दर्शकांनी तो भूतकाळ आपल्या हातात आयता ठेवलेला नाही. त्यामुळे जानकीला जे साधावं लागतं, तेच आपल्यालाही साधावं लागतं: कारण ठाऊक नसताना त्या मुलाची काळजी करायची.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात आणि पुढे १९५७ च्या गाजलेल्या निबंधात समुपदेशनाचा जो पाया मांडला, तो हाच. समोरच्याचं जग त्याच्या बाजूने समजून घेणं, त्याला विनाअट आदर देणं आणि आपण स्वतः खोटं न वागणं. या तीन गोष्टी सातत्याने मिळाल्या तर माणसाच्या आतलं वाढणं पुन्हा सुरू होतं, असा त्यांचा विश्वास होता. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात ‘विनाअट’ हा भाग फार कठीण जातो, कारण आपल्या मायेलाही अटी असतात. आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो, मग तू निदान नीट जेव तरी. निदान हस तरी. निदान काय झालं ते सांग तरी. आजारी माणसाला हे ‘निदान’ फार जड होतं. इरावती हर्षे यांनी ही अट नसणं देहबोलीतून दाखवलं आहे. ताट ठेवून त्या निघून जातात, तो जेवतो का हे बघत उभ्या राहत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर त्यागाचा भाव नाही, परोपकाराचं तेज नाही. काळजी मात्र दिसते, आणि कधीकधी थकवाही. तो थकवा त्यांनी लपवलेला नाही म्हणून ती माया खरी वाटते.

यदूला हे सारं पटत नाही. किशोर कदम यांचा यदू हा जानकीचा गाडी चालवणारा, घर सांभाळणारा माणूस. कोण कुठला पोरगा, घरात घेतला, उद्या काही झालं तर? तो कुरकुरतो. त्याला खलनायक करणं सोपं होतं, पण चित्रपट तसं करत नाही, कारण यदू म्हणजे आपण सगळे आहोत. त्याची शंका व्यवहारी आहे आणि तिच्यामागे जानकीविषयीची काळजी आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाभोवती घराघरांत असे यदू असतात: काका, वहिनी, शेजारी. समुपदेशकाला त्यांच्याशी भांडून चालत नाही. त्यांच्या भीतीलाही जागा द्यावी लागते. यदूचं मन हळूहळू वळतं ते कुणाच्या भाषणामुळे नव्हे, रोजच्या सहवासामुळे. आणि परशू? त्या पोरक्या मुलाला तर आजार, निदान, इज्जत यांतलं काहीच ठाऊक नाही. तो मानवशी सरळ बोलतो, सरळ मागतो, सरळ देतो. मानवच्या गप्प बसण्याचा त्याला राग येत नाही, कारण त्या गप्पपणाचा अर्थ लावायची त्याला गरजच पडत नाही.

दत्ताभाऊंच्या भूमिकेत मोहन आगाशे असणं हा या चित्रपटाचा एक अर्थपूर्ण निर्णय आहे. आगाशे हे पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षं शिकवलेले. या चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा आहे. खरा डॉक्टर हाताशी असताना त्यालाच डॉक्टरची भूमिका द्यावी, हा सरळ विचार. इथे तो खरा डॉक्टर किनाऱ्यावर कासवांची घरटी राखतो. मानवला तो व्याख्यान देत नाही. आपलं काम करत राहतो आणि ते काम मानवच्या डोळ्यांसमोर असतं. चित्रपटाचं सगळं शास्त्र लेखक-दिग्दर्शकांनी या कामात मुरवलं आहे.

ते काम कसं चालतं हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. (वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, आणि ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना रंगभूमीवर अजरामर केला तो याच आगाशेंनी. योगायोग खरा, पण सुखावणारा.) मादी रात्री वाळूत येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा करते, शंभराच्या आगेमागे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा ती पिल्लांकडे येत नाही. पूर्वी ही अंडी माणसं खायची, कुत्री-कोल्हे उकरून काढायचे. संवर्धनात काय करतात? अंडी सांभाळून उचलायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवायची, वर वाळू लोटायची आणि वाट बघायची. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं आपणहून वर येतात. मग त्यांना टोपलीतून किनाऱ्यावर नेतात, पण पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून थोडं अलीकडे, वाळूवर सोडतात. तिथून समुद्रापर्यंत ते इवलंसं पिल्लू स्वतःच्या वल्ह्यांनी जातं. लाट त्याला मागे ढकलते, ते उलटतं, पुन्हा सरळ होतं. बघणाऱ्याचे हात शिवशिवतात, उचलून पाण्यात ठेवावंसं वाटतं. संवर्धक तसं करू देत नाहीत. त्या चालण्यातच पिल्लाच्या अंगात आपला किनारा नोंदला जातो, असं मानतात.

‘कासव’चं रूपक इथे आहे, आणि ते कवचात अंग आकसून घेणाऱ्या जिवापुरतं थांबत नाही. नैराश्यातला माणूस कवचात शिरतो हे तर कुणालाही सुचेल. भावे-सुकथनकर कासवाच्या दुसऱ्या टोकाकडेही बघायला लावतात, राखणाऱ्याकडे. कुंपण घालणं हे त्याचं काम. अंडं फोडणं त्याचं काम नाही, आणि पिल्लाच्या वतीने चालणं तर नाहीच. समुपदेशकाच्या कामाची याहून अचूक मांडणी मला ठाऊक नाही. सुरक्षित जागा, ठरलेली वेळ, विश्वास हे कुंपण. त्याच्या आत जे घडायचं ते त्या माणसाच्या आत, त्याच्या गतीने घडतं. आणि वेळ आली की त्याला पाण्यात नेऊन ठेवायचं नसतं, वाळूवर सोडायचं असतं. ‘मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं’ असं म्हणणारा सल्लागार पिल्लू उचलून पाण्यात ठेवत असतो. त्या क्षणी ते दयाळू वाटतं. पण सहा महिन्यांनी दुसरं संकट आलं की त्या माणसाला पुन्हा कुणाच्या तरी हाताची वाट बघत बसावं लागतं.

आता हे सगळं रत्नागिरीच्या जमिनीवर आणून पाहू. या शहरात एकोणिसाव्या शतकापासूनचं सरकारी मनोरुग्णालय आहे; महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी हे एक, बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. जसं कुणाला वेड्यात काढायचं तर ठाण्याला किंवा येरवड्याला पाठवायची भाषा होते, तसं दक्षिण कोकणात रत्नागिरीचं नाव घेतलं जातं. ही थट्टा निरुपद्रवी नाही. झोप उडालेली, छाती धडधडणारी, जेवणावरून मन उडालेली माणसं या थट्टेच्या भीतीने वर्षानुवर्षं घरात राहतात. ती ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाहीत. डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही, जिवाला घोर लागलाय, टेन्शन आहे, असं म्हणतात आणि गोळ्या घेत राहतात. कुणी देवळात कौल लावतं, कुणी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतं. चांगला समुपदेशक या गाऱ्हाण्याला हसत नाही. चार माणसांसमोर, ठरलेल्या शब्दांत, आपलं दुःख कुणीतरी मोठ्याने देवाच्या कानावर घालतंय, याने माणसाला धीर येतो हे तो जाणतो. गाऱ्हाणंही घाला आणि इथेही या, एवढंच त्याचं म्हणणं.

समजा, लांज्याजवळच्या गावातून एक आई आपल्या पंचविशीतल्या मुलाला घेऊन समुपदेशकाकडे आली आहे. प्रसंग मी रचलेला आहे, पण या खोल्यांत असंच चालतं. आई सांगते, ‘मॅडम, दोन महिने झाले, मुंबईची नोकरी सोडून आला तो खोलीतून बाहेर पडत नाही. काही बोलतच नाही.’ मॅडम आईचं ऐकून घेतात, मग मुलाकडे वळून म्हणतात, ‘तुम्हाला चालणार असेल तर आई थोडा वेळ बाहेर बसतील. नको असेल तर इथेच बसू देत.’ पहिला निर्णय त्याच्याकडे आला. आई बाहेर गेल्यावर त्या सांगतात, ‘इथलं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला सांगणार नाही, आईंनाही नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच मला कुणाला तरी सांगावं लागेल, आणि तेव्हाही आधी तुम्हाला सांगेन. आणि रामआळीत वगैरे समोरासमोर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर मात्र नक्की बोलेन.’ जिथे प्रत्येकाला प्रत्येकाचं घर ठाऊक असतं अशा गावात हे शेवटचं वाक्य किती मोलाचं, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल.

मुलगा म्हणतो, ‘काय सांगू? काही नाही.’

‘आज काही सांगायलाच हवं असं नाही. येताना एस.टी.त काय वाटत होतं, एवढं सांगितलंत तरी चालेल.’

‘उतरून परत जावंसं वाटत होतं.’

‘तरी आलात.’

‘मी कुठला येतोय? आईने हात धरला होता.’

‘म्हणजे तुमच्या मनाने तुम्ही आलेलाच नाही. आईने आणलंय.’

मुलगा पहिल्यांदा मान वर करून बघतो.

या पाच-सहा वाक्यांत सगळी कारागिरी आहे. ‘तरी आलात’ हे कौतुक होतं. ते हेतूने चांगलं असलं तरी चुकलं होतं, आणि मुलाने ते लगेच दुरुस्त केलं. मॅडमनी आपलं म्हणणं रेटलं नाही. ‘नाही हो, तुमच्यात ताकद आहे म्हणून तर आलात’ असं म्हणून त्याच्या अंगावर नको असलेली शाबासकी टाकली नाही. त्याची दुरुस्ती त्यांनी जशीच्या तशी मान्य केली आणि त्याचंच सत्य त्याला परत ऐकवलं. इथे आपलं खरं चालतं, हे त्याला कळलं, म्हणून मान वर झाली. जानकीचं न विचारणं आणि या मॅडमचं हे मान्य करणं एकाच जातीचं आहे. दोघींनीही त्या मुलाच्या गोष्टीची मालकी त्याच्याकडेच ठेवली.

पण इथून पुढे चित्रपट आणि ही खोली यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि रसिकतेच्या भरात हा फरक विसरू नये. एक प्रश्न असा आहे की जो समुपदेशकाला विचारावाच लागतो, तोही आडवळण न घेता: ‘कधी जगूच नये असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं विचारलं तर नसलेलं डोक्यात शिरेल, अशी भीती घरच्यांना असते, कधीकधी डॉक्टरांनाही. संशोधन तसं सांगत नाही. विचारल्याने माणसाला बहुतेक वेळा हलकंच वाटतं, कारण जे एकट्याने वाहत होतो ते कुणीतरी नाव घेऊन उच्चारलं. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्नही सरळ असतात: कधीपासून, किती वेळा, काही ठरवलं आहे का, घरात काही साधन हाताशी आहे का. कीटकनाशकांचे डबे घरोघरी असलेल्या बागायती मुलखात हा शेवटचा प्रश्न औपचारिक नाही. डबा कुलपात ठेवणं, किल्ली दुसऱ्याकडे देणं, एवढ्यानेही जीव वाचतात. आणि गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणं, औषधं सुरू करणं हेही आलंच. जानकीसारखं मायेचं घर मिळालं म्हणून गंभीर नैराश्यात औषधाची जागा भरून निघत नाही.

दुसरा फरक सीमेचा. समुपदेशकाला मानवला घरी नेता येणार नाही, आणि नेऊ नये. त्याची माया ठरलेल्या वेळेच्या, ठरलेल्या खोलीच्या आत राहते, कारण त्याच्यापुढे असे पाच मानव रोज बसतात आणि प्रत्येकाला उद्याही तो ताजा हवा असतो. चित्रपटाने हा प्रश्न टाळलेला नाही, तो वेगळ्या अंगाने हाताळला आहे. जानकी स्वतः उपचार घेतलेली बाई आहे, आपली भीती तिला ठाऊक आहे. मानवला वाचवून आपण बरं व्हायचं, हा मोह तिच्याही वाटेत उभा आहे. हा मोह प्रत्येक समुपदेशकाला ओळखावा लागतो. म्हणून या पेशात शिकणाऱ्याने स्वतःही कुणापुढे तरी बसायचं असतं, आपल्या केसेसबद्दल अनुभवी माणसाशी नियमित बोलायचं असतं. जानकीचं दुखणं तिला समजूतदार करतं. पण ते तिने आधी स्वतःसाठी सोसून, ओळखून झालेलं आहे, म्हणूनच मानवच्या डोक्यावर ते लादलं जात नाही.

तिसरी गोष्ट काळाची. ‘कासव’ बनला तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. जगावंसं न वाटलेल्या माणसाला शुद्धीवर येताच पोलिसांच्या जबाबाला तोंड द्यावं लागायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी मानायची. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ उरलंच नाही. रुग्णालयातून निघून जाणाऱ्या मानवकडे आज पाहताना हे लक्षात ठेवलं की त्याच्या पळण्यातली भीती जास्त कळते. जानकीने जे आपणहून दिलं, ते पुढे कायद्याच्या भाषेत आलं.

चित्रपटाचा उत्तरार्ध मला शास्त्रीयदृष्ट्याही फार मोलाचा वाटतो. मानव बरा होऊ लागतो तो एखाद्या साक्षात्काराने नव्हे. तो अंथरुणातून उठतो, घराबाहेर येतो, किनाऱ्यावर जातो, परशूबरोबर असतो, कासवांच्या कामाच्या जवळ येतो. मन आधी बरं होईल आणि मग पाय चालतील, असा आपला समज. नैराश्यात बहुतेकदा उलटं करावं लागतं: पाय आधी हलवायचे, मन मागून येतं. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेने हेच तत्त्व घेऊन एक उपचार घडवला. मानसशास्त्राचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलायचं. बोलणं कशाबद्दल? दिवस कसा जातो, कोणत्या वेळी जास्त खचायला होतं, पूर्वी काय करायला आवडायचं, त्यातलं उद्या थोडंसं काय जमेल. १० केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते; फक्त नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे रुग्ण साधारण नव्हे, बऱ्यापैकी तीव्र नैराश्यातले होते. आपल्यासारख्याच किनाऱ्यावर, आपल्यासारख्याच आरोग्य केंद्रांत हे घडलं. लांज्याच्या त्या मुलाला मॅडम ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणार नाहीत. ‘उद्या संध्याकाळी कलमांना पाणी घालायला आईबरोबर दहा मिनिटं जाल का? नाही जमलं तर तसं सांगा, आपण लहान करू,’ असं विचारतील.

भावे-सुकथनकरांच्या ‘देवराई’ आणि ‘अस्तु’ या दोन चित्रपटांशेजारी ‘कासव’ ठेवला की त्यांच्या विचाराचा प्रवास दिसतो. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याला सांभाळताना होरपळणारी बहीण. तिथे आजार समजून घेण्याची धडपड आहे. ‘अस्तु’त स्मृती हरवलेले संस्कृतपंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत जातात, आणि त्यांची भाषाही धड न कळणारी माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं जवळ घेते. त्यांची विद्वत्ता, पदव्या, नाव तिला ठाऊक नाही आणि तिला त्याची गरजही वाटत नाही. अमृता सुभाष यांची ती चन्नम्मा आणि इरावती हर्षे यांची जानकी या सख्ख्या बहिणी आहेत. फरक एवढाच की चन्नम्माला हे उपजत आहे, जानकीने ते दुखण्यातून शिकून कमावलं आहे. म्हणून ‘कासव’ मला जास्त आशा देतो. उपजत असेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहील. शिकता येत असेल तर तालुक्याच्या ठिकाणची एखादी परिचारिका, शिक्षक, आशाताईही ते शिकू शकतील.

चित्रपटात काही ठिकाणी रूपक गरजेपेक्षा स्पष्ट बोलून दाखवलं आहे, आणि जानकीचं ते देखणं, निवांत घर बहुतेकांच्या वाट्याला येत नाही, हेही खरं. दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या घरात मानवला पाठ फिरवून पडून राहायला कोपरा कुठून मिळणार? पण दिग्दर्शकांनी त्या घराचं मोठेपण भिंतींत ठेवलेलं नाही. घाई नसणं, हिशेब न मागणं, जेवायला वेळेवर हाक मारणं, एवढं लहान घरातही जमण्यासारखं आहे. या गोष्टींना खर्च नाही, फक्त आपल्या उत्सुकतेला आवर घालावा लागतो.

म्हणून मला वाटतं, समुपदेशन कक्षाबाहेरच्या बाकावर जे नातेवाईक ताटकळत बसतात, त्यांना ‘कासव’ आवर्जून दाखवावा. चित्रपट पाहून कुणी समुपदेशक होणार नाही. पण घरात गप्प झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दहा प्रश्न विचारायचे नाहीत, त्याच्या जिवाबद्दलचा एक प्रश्न मात्र टाळायचा नाही, आणि आपल्याला झेपेनासं झालं तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावायचा किंवा त्याला घेऊन डॉक्टरकडे जायचं, एवढं त्यांच्या मनात ठसलं तरी आत बसलेल्या मॅडमचं निम्मं काम सोपं होईल. उरलेलं निम्मं त्या मुलाचं आहे, आणि ते त्याच्याकडून कुणी काढून घेऊ नये, एवढंच जानकीचं मागणं आहे.